दिवा छतात किती खोल?



नववी-दहावीला भूमिती शिकवताना मी मुलांना नेहमी सांगते, "आकृती नुसती सुबक नको, खरी हवी." यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत घरात दिव्यांचं काम काढलं आणि हेच वाक्य मला स्वतःलाच ऐकावं लागलं. ऐकवलं माझ्या वडिलांनी, तेही एक शब्द न बोलता. अण्णांचं वय ७९. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. सकाळी पेपर आणि रात्री पोथी, एवढंच त्यांचं मागणं.

हॉलला पीओपीचं फॉल्स सीलिंग करायचं ठरलं होतं आणि त्यात गोल दिवे. हे दिवे छताला भोक पाडून आत बसवतात. खालून फक्त एक गोल दिसतो, लोंबत काही नाही. इलेक्ट्रिशियन दादांनी कागदावर आठ गोल काढून दाखवले. मी म्हटलं, "दादा, थांबा. आधी कॉम्प्युटरवर करून बघते."

त्यासाठी मी स्वीट होम थ्रीडी वापरलं. फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं आणि शिकायला दोन दिवस पुरतात. वरच्या चौकटीत घराचा आराखडा काढायचा, की खाली तेच घर त्रिमितीत उभं राहतं. भिंती काढल्या, सोफा ठेवला, अण्णांची खुर्ची खिडकीशेजारी ठेवली. मग छताला आठ पांढऱ्या चकत्या चिकटवल्या आणि प्रत्येकीखाली कॅटलॉगमधला एक प्रकाशस्रोत ठेवला. फोटो काढायची आज्ञा दिली. (इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. या सॉफ्टवेअरमध्ये फोटोच्या दर्जाच्या चार पायऱ्या आहेत आणि आपण ठेवलेल्या दिव्यांचा उजेड वरच्या दोनच पायऱ्यांत धरला जातो. पहिल्या वेळी मला वाटलं होतं, माझे दिवे लागतच नाहीत!)

चित्र इतकं छान आलं की मी ते घरच्या ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी अंगठे दाखवले. काम झालं, दिवे लागले, पेढे वाटले.

आठेक दिवसांनी लक्षात आलं की अण्णा हॉलमध्ये बसतच नाहीत. पेपर घेऊन स्वयंपाकघरात, जुन्या ट्यूबलाइटखाली, पाटावर बसतात. गुडघे दुखत असताना पाटावर! मी विचारलं तेव्हा म्हणाले, "काही नाही गं, तिकडं डोळ्यावर येतं जरा. तुम्ही हौसेनं केलंय, छान आहे." ते "छान आहे" मला फार लागलं.

रात्री मी त्यांच्या खुर्चीत बसून बघितलं. समोरचे चार दिवे थेट डोळ्यांत येत होते. मला ते नुसतं झगझगीत वाटलं. पण मोतीबिंदू असलेल्या डोळ्यात भिंग गढूळ झालेलं असतं. समोरून आलेला प्रखर प्रकाश त्यात विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर धुकं पसरल्यासारखं होतं. म्हणजे घरात उजेड वाढला होता आणि अण्णांना दिसणं मात्र कमी झालं होतं.

मग माझ्या चित्रात हे का दिसलं नाही? लॅपटॉप उघडून बसले आणि माझ्याच आकृतीतल्या चुका लाल पेनानं काढल्या.

पहिली चूक, माझ्या दिव्यांना खोलीच नव्हती. या सॉफ्टवेअरमध्ये खोलीचं छत म्हणजे जाडी नसलेला एक पृष्ठभाग असतो. त्याला भोक पडत नाही, म्हणून मी चकती चिकटवून मोकळी झाले. दिव्यासारखं दिसलं, पण दिव्यासारखं वागलं नाही. दुसरी चूक, चित्र मी उभ्या माणसाच्या डोळ्यांनी, समोर बघत काढलं होतं. अण्णा तर बसलेले किंवा आडवे असतात. आणि तिसरी गोष्ट, जिला चूक नाही पण मर्यादा म्हणायला हवं. पडद्यावरचा पांढरा ठिपका कितीही पांढरा असला तरी डोळे दिपवू शकत नाही. चित्र बघून "डोळ्यावर येईल का" हे कळणारच नाही. ते मोजावं लागतं.

अण्णांच्या खोलीचं काम अजून बाकी होतं. छत झालं होतं, भोकं पाडायची होती. दादांना म्हटलं, आठ दिवस द्या.

या वेळी दिवा खरा करायचा ठरवला. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने ब्लेंडरमध्ये दोन वस्तू करून दिल्या. एक, गोल भोकं असलेली पातळ पाटी, म्हणजे आमचं फॉल्स सीलिंग. दुसरी, वरून बंद आणि खालून उघडं असं पोकळ नळकांडं, म्हणजे दिव्याची डबी. ओबीजे प्रकारच्या फाइल स्वीट होम थ्रीडीत आयात करता येतात. मी खोलीच्या गुणधर्मांत जाऊन मूळ छत दाखवणं बंद केलं, पाटी २६० सेंटिमीटर उंचीवर ठेवली, भोकांवर डब्या बसवल्या आणि प्रत्येक डबीत भोकाच्या पातळीपासून ९ सेंटिमीटर वर प्रकाशस्रोत ठेवला. भोकाचा व्यास १० सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या ५.

आणि इथे आपली दहावीची समरूपता धावून आली. प्रकाश सरळ रेषेत जातो. स्रोतापासून निघून भोकाच्या कडेला घासून खाली जाणारा किरण घ्या. भोकापाशी एक लहान काटकोन त्रिकोण होतो, उंची ९, पाया ५. जमिनीपर्यंत एक मोठा त्रिकोण होतो, उंची २६९. दोन्ही समरूप. म्हणून जमिनीवरच्या उजेडाच्या वर्तुळाची त्रिज्या २६९ × ५ ÷ ९, म्हणजे सुमारे १४९ सेंटिमीटर. हाच स्रोत ९ ऐवजी ५ सेंटिमीटर वर ठेवला, तर त्रिज्या थेट २६५ होते. आणि चकतीसारखा अगदी छताच्या पातळीत ठेवला, तर किरणांना अडवणारी कडच उरत नाही. तो दिवा खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यातून डोळ्यांत दिसणार. हॉलमध्ये नेमकं हेच झालं होतं.

नवीन चित्रात भिंतीवर उजेडाच्या कमानी उमटल्या. खऱ्या दिव्याखाली तुम्ही त्या पाहिल्याच असतील. दिवा भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असला, तर कमानीचं टोक स्रोतापासून ६० × ९ ÷ ५, म्हणजे १०८ सेंटिमीटर खाली येतं. त्यातले ९ डबीतले, म्हणून छतापासून ९९. मी गणित आधी केलं, चित्रात मग बघितलं. टोक तिथेच! (अकरावी-बारावीच्या शिक्षकांसाठी एक गंमत. हाच प्रकाशाचा शंकू जमिनीवर वर्तुळ काढतो आणि उभ्या भिंतीवर अपास्त.)

मग मुख्य प्रश्न. अण्णांची उशी जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर. तिथे छत २०५ वर, स्रोत २१४ वर. त्या उंचीवर उजेडाच्या वर्तुळाची त्रिज्या २१४ × ५ ÷ ९, म्हणजे सुमारे ११९. अर्थ सरळ आहे. दिव्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून उशी ११९ सेंटिमीटरपेक्षा लांब असेल, तर झोपलेल्या माणसाला आतला झगझगीत भाग दिसणार नाही. सॉफ्टवेअरमधल्या पाहुण्याच्या डोळ्यांची उंची कमी करून मी त्याला उशीवर "झोपवलं" आणि वर बघायला लावलं. दादांच्या मूळ आखणीतला एक दिवा थेट कपाळावर येत होता.

तो दिवा रद्द केला. दोन दिवे कपाटाच्या बाजूला सरकवले, उशीपासून दीड मीटरच्या पुढे. पोथीसाठी खुर्चीच्या डाव्या खांद्यामागे भिंतीवर एक झाकणीचा दिवा. आणि अण्णांच्या आग्रहाखातर ट्यूबलाइट ठेवली. दादा आधी म्हणाले, "मॅडम, एवढं कुणी बघत नाही हो." नंतर तेच कागद मागून घेऊन गेले.

हॉलमधली भोकं काही बुजवता आली नाहीत. खुर्चीसमोरच्या चार ठिकाणी त्याच मापात बसणारे खोल दिवे घातले आणि त्या ओळीला वेगळं बटण दिलं. अण्णा आता सकाळी हॉलमध्ये बसतात. पोथी मात्र त्यांच्याच खोलीत.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर हा धडा वर्गात घेतला, कॉम्प्युटरशिवाय. साहित्य फक्त मोबाइलचा टॉर्च, कार्डशीट, पट्टी आणि चिकटपट्टी.

१. कार्डशीटची नळी करा आणि टॉर्चवर बसवा. नळीची त्रिज्या आणि लांबी मोजा.
२. खोली अंधारी करून टॉर्च टेबलापासून ठरावीक उंचीवर धरा. उजेडाच्या वर्तुळाची त्रिज्या आधी समरूपतेने काढा, मग मोजा.
३. नळी अर्धी कापा. काय होईल ते आधी लिहा, मग बघा.
४. टॉर्च भिंतीजवळ नेऊन कमानीचं टोक शोधा.

मोजलेलं आणि काढलेलं उत्तर तंतोतंत जुळत नाही. वर्तुळाची कड पुसट येते. एक मुलगी म्हणाली, "बाई, टॉर्च ठिपका नाहीये ना, त्याला पण जाडी आहे." मला हवं होतं ते उत्तर तिनं न विचारता दिलं. जाडी विसरायची चूक मी केली होती, तिनं नाही केली.

पालकांना एक विनंती. घरात दिवे बसवायच्या आधी मुलांना हे गणित करायला द्या, आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस जिथे बसतं-झोपतं, तिथून मोजायला सांगा. आम्ही ते उशिरा केलं.

शिक्षकांना एवढंच. आपण मुलांच्या वहीतली सुबक, नावं दिलेली आकृती बघून पूर्ण गुण देतो. कधीतरी विचारून बघा, "यातलं एक माप बदललं तर काय होईल?" उत्तर आलं तर आकृती समजली. नाही आलं, तर ती माझ्या पहिल्या चित्रासारखी आहे.

तुमच्या वर्गात हा प्रयोग केलात तर मापं नक्की कळवा.