हो म्हणायचं की नाही?

खूप दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त आमच्या नातीचं. ती पुण्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सातवीत आहे. सुट्टीत माझ्याकडे आली की आजीचं इंग्रजी तपासणं हा तिचा आवडता उद्योग.

आमच्या शेजारी एक तमिळ कुटुंब नव्याने राहायला आलं आहे. त्यांना मराठी येत नाही, मला तमिळ येत नाही, त्यामुळे जिन्यात भेट झाली की इंग्रजीचा आधार. परवा त्या बाईंनी विचारलं, काल दिसला नाहीत? मी म्हटलं, ‘यस्टर्डे आय हॅड गॉन टु द बँक.’ दार लागल्याबरोबर नात ओरडली, ‘आजी! हॅड गॉन नाही, वेन्ट!’

आता गंमत बघा. मी कितीतरी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि या एका चुकीवर किती लाल शाई खर्च केली असेल त्याला गणती नाही. आणि तीच चूक पंचाहत्तरीत माझ्या तोंडी!

खरं तर मी इंग्रजीची शिक्षिका नव्हेच. बीए झाले तेही मराठी माध्यमातून, इतिहास घेऊन. १९७७ साली नोकरीला लागले ती इतिहास-भूगोल शिकवायला. पुढे इंग्रजीचे सर बदलून गेले, जागा भरली नाही, तेव्हा हेडमास्तर म्हणाले, ‘बाई, तात्पुरतं तुम्ही घ्या.’ ते तात्पुरतं २००८ मध्ये निवृत्त होईपर्यंत चाललं. रात्री तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि रेन-मार्टिनचं व्याकरण उघडून बसायचं, आणि सकाळी तेच फळ्यावर लिहायचं. मुलांच्या जेमतेम दोन धडे पुढे असायची मी.

नातीने टोकल्यावर मी विचार करत बसले. हे ‘हॅड गॉन’ येतं कुठून? आपण मराठीत म्हणतो, ‘काल मी बँकेत गेले होते.’ ‘गेले होते’ म्हणजे गेले आणि परतही आले, विषय संपला. त्या ‘होते’ला आम्ही इमानदारीने ‘हॅड’ लावतो. इंग्रजीला मात्र ‘हॅड’ हवं असतं ते दोन घटनांपैकी आधीची कुठली हे सांगायला. त्यासाठीचं वाक्य माझ्या पिढीतल्या सगळ्यांना झोपेतही येईल, ‘द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.’ आमच्या व्याकरणातला तो डॉक्टर कधी म्हणून वेळेवर आला नाही.

बाकीच्या चुकांचंही असंच. मुलं लिहायची, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.’ मराठीत ‘हॅव’ला जोडीचं क्रियापदच नाही. आपल्याला भाऊ ‘आहेत’. मग त्या ‘आहे’साठी कुठेतरी ‘ॲम’ घुसवल्याशिवाय मुलांचं समाधान व्हायचं नाही. ‘ही इज अँग्री ऑन मी’, कारण आपल्याकडे माणूस आपल्या‘वर’ रागावतो. ‘व्हेन ही विल कम, आय विल गो’, कारण तो येईल तेव्हाच मी जाईन. दोन्ही गोष्टी अजून व्हायच्यात, तर दोन्हीकडे भविष्यकाळ नको का? मला विचाराल तर मुलांचं म्हणणं इंग्रजीपेक्षा सरळ होतं.

आणि ते ‘ए’ आणि ‘द’! आम्ही शिकवायचो, मराठीत आर्टिकल नाही, म्हणून पाठ करा. पण तो फरक मराठीत अगदीच नाही असं नाही. ‘दारात कुत्रा उभा आहे’ म्हटलं की कुठलातरी कुत्रा. ‘कुत्रा दारात उभा आहे’ म्हटलं की आपला, माहितीतला. जे काम इंग्रजी एका टीचभर शब्दाने करते, ते आपण शब्दांच्या जागा बदलून करतो. हे मला तेव्हा सुचलं असतं तर मुलांना किती सोपं गेलं असतं. सुचलं ते निवृत्तीनंतर, भाजी निवडताना.

माझी एक भाची भाषाशास्त्र शिकवते. तिने सांगितलं की पिट कॉर्डर नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १९६७ सालीच यावर लिहून ठेवलं आहे. घाईत जीभ घसरते ती चूक वेगळी, आणि शिकणारा मनाशी एक नियम बांधून पुन्हा पुन्हा करतो ती वेगळी. ही दुसरी चूक म्हणजे तो काय आणि कसं शिकतोय याची खूण असते. शिक्षकाने ती वाचायची असते. शिवाय सगळा दोष मातृभाषेचाही नाही म्हणे. १९७४ साली ड्युले आणि बर्ट या दोघींनी अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या स्पॅनिश आणि चिनी घरांतल्या मुलांचा अभ्यास केला. ‘ही गोज’मधला तो शेवटचा ‘स’ दोन्हीकडच्या मुलांना उशिराच जमत होता. आणि मी त्या ‘स’साठी पोरांना दहा-दहा वेळा लिहायला लावत होते! वर, वहीतली मजेशीर चूक वर्गात मोठ्याने वाचून दाखवायची सवय होती मला. वर्ग हसायचा. मलाही वाटायचं, तास कसा रंगला.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. पण एक चूक राहिली. त्या चुकीबद्दल मी आजवर घरातही बोलले नव्हते.

१९८५ सालची गोष्ट. लोणंदच्या जवळच्या एका गावात आमची शाळा. नववीत एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. घरची कोरडवाहू शेती, वडील कांदा घेऊन एसटीने लोणंदच्या बाजाराला जायचे. मुलगा अबोल, पण इंग्रजीच्या तासाला डोळे फळ्यावरून हलायचे नाहीत.

शाळेची तपासणी लागली. जिल्ह्याहून साहेब आले. इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर बसले. तास संपत आला तसे उठले आणि मला विचारलं, ‘बाई, तुमचं बीए इंग्रजी घेऊन का?’ मी म्हटलं, इतिहास. ते ‘अच्छा’ म्हणाले. एवढंच. पण शेजारी हेडमास्तर उभे होते आणि माझे कान तापले.

मग साहेबांनी मुलांना ‘बाजाराचा दिवस’ या विषयावर दहा ओळी इंग्रजीत लिहायला सांगितल्या. वीस मिनिटांनी कागद गोळा करून चाळायला लागले. त्या मुलाच्या कागदापाशी थांबले. एक वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं, ‘माय फादर हॅड सोल्ड ऑल द अनियन्स बिफोर द बस केम.’

एकही चूक नाही! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मागच्याच आठवड्यात मी तो रोगी आणि तो डॉक्टर फळ्यावर लिहिला होता. या पोराने रोगी काढून तिथे कांदे ठेवले होते, आणि डॉक्टरच्या जागी एसटी. सगळ्या वर्गात त्या एकट्यालाच ‘हॅड’ कशासाठी असतं ते कळलं होतं.

साहेबांना ते खरं वाटेना. त्यांनी त्याला उभं केलं आणि विचारलं, ‘यू हॅव नॉट कॉपीड धिस, हॅव यू?’

तो म्हणाला, ‘येस, सर.’

आता तुम्हीच सांगा, मराठीत कुणी विचारलं, ‘तू हे बघून लिहिलं नाहीस ना?’ तर आपण काय म्हणू? ‘हो सर, नाही लिहिलं.’ आपला ‘हो’ समोरच्याच्या बोलण्याला असतो, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे असा. ‘नाही सर’ म्हटलं तरी आपल्याकडे चालतं. इंग्रजीत तसं नाही. तिथे प्रश्न कसाही विचारा, केलं असेल तर येस आणि नसेल तर नो. पोराने मराठीतलं खरं इंग्रजी शब्दात सांगितलं आणि ते खोटं झालं.

साहेबांनी पुढे विचारलं, ‘फ्रॉम व्हेअर?’ त्याला काही उमजेना. तो गप्प. साहेबांनी कागदावर आडवी रेघ मारली आणि मराठीत वर्गाला म्हणाले, ‘चोरी केली ते वाईटच, पण निदान कबूल तरी करतो. बस खाली.’

तो बसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मला त्या क्षणी सगळं कळलेलं होतं. ‘येस’चा घोळ कुठे झाला तेही, आणि ते वाक्य कुठून आलं तेही. मागचा फळा साक्षीला होता. दोन वाक्यांचं काम होतं. तेही मराठीत बोलले असते तरी चाललं असतं. पण साहेबांचा तो ‘अच्छा’ कानात होता. वाटलं, मी मध्ये बोलले आणि ते इंग्रजीत उलटून काही विचारायला लागले तर? पोरांसमोर, हेडमास्तरांसमोर माझंच काही चुकलं तर? मी खडू पुसत उभी राहिले. घंटा झाली.

त्या दिवसानंतर तो मुलगा इंग्रजीच्या तासाला कधी बोलला नाही. दहावीला इंग्रजीत काठावर पास झाला. मी त्याला बोलावून घेऊन काहीही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत वर्ष गेलं, मग तो शाळेतूनच गेला.

२०२३च्या जानेवारीत त्या तुकडीने स्नेहमेळावा केला. मला न्यायला गाडी पाठवली. गाडी त्याचीच होती. आता त्याची कांद्याची आडत आहे, बाहेरच्या राज्यांत माल जातो. माझ्यासमोरच त्याचा फोन वाजला. पलीकडे कुणीतरी दक्षिणेतला व्यापारी असावा. हा बिनधास्त सांगत होता, ‘ट्रक रीच्ड. पेमेंट व्हेन यू विल सेंड?’ रेन-मार्टिनने कपाळाला हात लावला असता, पण पलीकडच्या माणसाला व्यवस्थित कळलं. मला फार बरं वाटलं.

जेवणं झाल्यावर तो चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आला. म्हणाला, ‘बाई, एक विचारू? त्या दिवशी मी काय चुकीचं बोललो होतो हो? साहेबांनी विचारलं कॉपी केली नाही ना, मी येस म्हटलं. मग ते चिडले का?’

अडतीस वर्षं! इतकी वर्षं या माणसाला कळलेलं नव्हतं की तो कुठे चुकला. मी त्याला समजावलं. तो ऐकून हसला. ‘म्हणजे खरं बोलायचं असेल तर नो म्हणायचं होतं होय?’

मग थोडा थांबून त्याने विचारलं, ‘तुमच्या तेव्हा लक्षात आलं होतं का, बाई?’

मी म्हटलं, ‘हो.’

त्या ‘हो’चा अर्थ कुठल्याही भाषेत एकच होता. तो काही बोलला नाही. कप माझ्यापुढे सरकवून म्हणाला, ‘घ्या बाई, गार होतोय.’

मंडळी, मला एवढंच सांगायचं आहे. ‘हॅड’ चुकलं, ‘ऑन’ चुकलं, तो शेवटचा ‘स’ राहिला, तरी कुणाचं काही बिघडत नाही. आज ना उद्या ते सुधारतं, नाही सुधारलं तरी कांद्याचे ट्रक पोहोचतात. पण आपलं चुकेल या धास्तीने माणूस गप्प बसतो ना, ते सुधारत नाही. पोरांना मी एकतीस वर्षं चुकांची भीती घातली आणि त्यातली सगळ्यात जास्त माझ्याच अंगात मुरली होती. तुमच्यापैकी कुणी घरात-शाळेत शिकवत असाल तर चूक झाली की आधी पोराला विचारा, तुला काय म्हणायचं होतं? लाल पेन नंतर काढा.

नातीलाही ही सगळी गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली. तिला वाटलं मेळाव्यात शेवट गोड झाला असणार. तिने आपल्या सवयीने इंग्रजीत विचारलं, ‘आजी, डिडंट यू से सॉरी टु हिम?’

मी म्हटलं, ‘नो.’

यावेळी तिने चूक काढली नाही. उत्तर बरोबर होतं.

या महिन्यात लोणंदला जाऊन यायचं ठरवलं आहे. फोन करून आधी कळवणार नाही, नाहीतर तो पुन्हा गाडी पाठवेल. एसटीनेच जाईन.