आखूड बाही, बुटका माणूस

लोणच्याच्या बाटलीवरच्या चार ओळी स्पॅनिशमध्ये तपासायला आल्या होत्या. मूळ इंग्रजीत ‘हॉट’ होतं, आणि आधीच्या भाषांतरकाराने लिहिलं होतं ‘कालिएंते’. कालिएंते म्हणजे चटका बसेल असं: चहा, तवा, इस्त्री. जिभेला झोंबतं ते ‘पिकांते’. माद्रिदच्या गिऱ्हाइकाला वाटलं असतं, हे लोणचं गरम करून खायचं असतं.

ही चूक वर्गात मला दर वर्षी भेटते. तिखट आणि गरम यांची घरी कधीही गल्लत न करणारी मुलं मध्ये इंग्रजी आलं की अडखळतात. ‘शॉर्ट’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात, असं विचारतात. मी उलट विचारते, शॉर्ट म्हणजे बुटका की आखूड? माणूस बुटका असेल तर ‘बाखो’, बाही आखूड असेल तर ‘कोर्तो’. ‘थिक’चंही तसंच. पुस्तक जाड असतं, ते ‘ग्रुएसो’. आमटी दाट होते, धुकं दाट पडतं, जंगल दाट असतं, तिथे ‘एस्पेसो’. आमटी, धुकं आणि जंगल मराठीने एका शब्दात बसवले आणि स्पॅनिशनेही! आणि ‘मला उकडतंय’ म्हणताना आपण जसं स्वतःला विशेषण लावत नाही, तसंच स्पॅनिश माणूसही ‘तेंगो कालोर’ म्हणतो. तिथे स्वतःला कालिएंते म्हणवलं तर भलताच अर्थ होतो.

मला सर्वांत आवडतो तो विशेषणाच्या जागेचा खेळ. ‘ओंब्रे पोब्रे’ म्हणजे गरीब माणूस, ‘पोब्रे ओंब्रे’ म्हणजे बिचारा. ‘बिएखो आमिगो’ जुना मित्र, ‘आमिगो बिएखो’ म्हातारा मित्र. स्पॅनिश जागा बदलून जे साधते, त्यासाठी मराठीने वेगळे शब्द ठेवले आहेत.

मराठी दर वेळी तारून नेते असं मात्र नाही. ‘जुनं घर’ म्हणजे शंभर वर्षांचा वाडा, की बदली होण्याआधी राहत होतो ते? वाडा असेल तर ‘कासा आंतिग्वा’, आधीचं घर असेल तर ‘मि आंतिग्वा कासा’. अशा वेळी मी मारिया मोलिनेर यांचा कोश उघडते. ग्रंथपालाची नोकरी सांभाळून या बाईंनी घरी बसून तो रचला, आणि १९६६-६७ मध्ये तो दोन खंडांत छापून आला. शब्दाचा अर्थ सांगून तो थांबत नाही. शब्द वापरायचा कसा, हेही दाखवतो.

लॅटिन अमेरिकेतल्या कादंबऱ्या इंग्रजीवरून मराठीत आणणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. स्पॅनिश येत नसलं तरी मूळ पुस्तक शेजारी ठेवा. इंग्रजीत ‘पुअर मॅन’ दिसला, की मूळ पानावर ‘पोब्रे’ आधी आहे की नंतर, एवढं पाहा, आणि मगच ‘गरीब’ लिहायचं की ‘बिचारा’ ते ठरवा.