देव इकडे, नंदी पलीकडे!

शंकराच्या देवळात शिरलं की आधी काय दिसतं? नंदी! देवाकडे टक लावून बसलेला. त्याच्या शिंगांमधून पिंडीचं दर्शन घ्यायचं, असं आजीने तुम्हालाही शिकवलं असेल. पण मुलांनो, कोल्हापूर जिल्ह्यात शंकराचं एक भलंमोठं देऊळ आहे, तिथे नंदीच नाही. मग नंदी आहे तरी कुठे? चक्क शेजारच्या राज्यात!

हे देऊळ म्हणजे शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरचा कोपेश्वर. कोल्हापूरहून नृसिंहवाडीला जायचं. तिथे पंचगंगा आणि कृष्णा यांचा संगम आहे. वाडीची बासुंदी आणि कवठाची बर्फी खाऊन कुरुंदवाडमार्गे पुढे निघायचं. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, काळीभोर जमीन आणि मग कृष्णेच्या काठावरचं खिद्रापूर. नदीच्या पलीकडे जुगूळ गाव दिसतं. ते कर्नाटकात. म्हणजे महाराष्ट्राची हद्द इथे संपली!

आता नंदीची गोष्ट. दक्षाने मोठा यज्ञ केला, पण जावयाला, म्हणजे शंकराला, बोलावलंच नाही. तरीही सती माहेरी निघाली. शंकराने सोबतीला नंदीला धाडलं. तिथे अपमान झाला आणि सतीने यज्ञकुंडात उडी घेतली. शंकर असा कोपला, की त्याला आवरायला विष्णूला यावं लागलं. कोपलेला देव तो कोपेश्वर आणि समजूत घालणारा विष्णू तो धोपेश्वर. गाभाऱ्यात या दोघांच्याही पिंडी आहेत. आणि सतीबरोबर गेलेला नंदी? तो यडूरला थांबला, असं लोक सांगतात. हे यडूर आज कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात आहे.

गोष्ट जुनी, पण सीमा नवी बरं का! १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९७३ मध्ये त्याचं नाव कर्नाटक झालं. कोल्हापूर मुंबई राज्यात राहिलं आणि १९६० साली महाराष्ट्रात आलं. अशा रीतीने देव एका राज्यात आणि नंदी दुसऱ्या राज्यात, अशी वाटणी होऊन बसली.

हे देऊळ बाराव्या शतकात शिलाहार राजांनी उभारलं. गंडरादित्य राजाने ते बांधायला घेतलं, असं मानतात. पुढे देवगिरीचा यादव राजा सिंघण याने देवाच्या पूजेसाठी दान दिलं. त्याचा शके ११३६ चा, म्हणजे इसवी सन १२१४ च्या सुमाराचा शिलालेख दक्षिण दरवाजाजवळ आहे. तो संस्कृतात आणि देवनागरी लिपीत आहे. देवळातले बाकीचे लेख मात्र जुन्या कानडीत आहेत. आज शाळेत आपण मराठी आणि पलीकडची मुलं कन्नड शिकतात. या भिंतींवर मात्र त्या वेळच्या भाषा शेजारी शेजारी नांदताहेत.

आत शिरताच लागतो तो स्वर्गमंडप. मान वर करा... छप्पर कुठाय? मधोमध सुमारे १३ फूट व्यासाचं गोल आकाश! खाली बरोबर तेवढीच मोठी गोल शिळा. भोवती बारा खांबांचं वर्तुळ आणि मंडपात सगळे मिळून ४८ खांब. काही खांब कुंभाराने चाकावर फिरवल्यासारखे गोल आणि गुळगुळीत आहेत. काळ्या दगडावर हात फिरवला तर गार काचेवर फिरवल्यासारखं वाटतं.

कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र या झरोक्याच्या माथ्यावर येतो आणि चांदणं खालच्या शिळेवर उतरतं. यात जादू नाही, भूगोल आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. थंडीच्या सुरुवातीला सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, म्हणून पौर्णिमेचा चंद्र उत्तरेकडून जातो. खिद्रापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे साडेसोळा अंशांवर आहे. त्यामुळे त्या दिवसांत तो इथे जवळजवळ डोक्यावर येतो. भूगोलाच्या पुस्तकातले अक्षांश असे कामाला येतात!

बाहेरून प्रदक्षिणा घालायला विसरू नका. पायाशी दगडी हत्तींची रांग आहे. अख्खं देऊळ त्यांनी पाठीवर घेतलंय, असंच वाटतं. ते मोजून पाहा. मोजताना जाणवेल, की कितीतरी हत्तींच्या सोंडा तुटल्या आहेत आणि अनेक मूर्तींचे चेहरे फुटले आहेत.

आता जरा लांबची सफर. आपल्याकडे शिलाहार बांधत होते, त्याच शतकात कंबोडियात राजा दुसरा सूर्यवर्मन अंकोरवाट उभारत होता. हे ख्मेर लोक. त्यांच्याही शिलालेखांत संस्कृत आहे. त्यांचं शंकराचं एक देऊळ कंबोडिया आणि थायलंडच्या सीमेवर, उंच कड्यावर आहे. नाव प्रेआह विहिअर. यातला ‘विहिअर’ म्हणजे आपलाच ‘विहार’! हे देऊळ कुणाचं, यावरून दोन्ही देश आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १९६२ मध्ये निकाल कंबोडियाच्या बाजूने लागला. २००८ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं. तरी भांडण मिटलं नाही. २००८ ते २०११ या काळात तिथे अनेकदा गोळीबार झाला. जुलै २०२५ मध्ये त्या सीमेवर पुन्हा तोफा धडाडल्या. माणसं मेली आणि हजारो कुटुंबं घर सोडून पळाली. ज्या दगडांपुढे माणसं हात जोडायला यायची, तिथे सैनिक बंदुका घेऊन उभे राहिले.

आपल्याकडेही सीमेचा वाद आहेच. तो मोठ्यांच्या सभांत आणि कोर्टात चालतो. पण खिद्रापूरला या, पलीकडची कानडी बोलणारी माणसं आणि अलीकडची मराठी बोलणारी माणसं एकाच पिंडीपुढे उभी असतात. तिथे कुणी कुणाचं राज्य विचारत नाही.

या देवळाला धोका आहे तो वेगळाच. एक कृष्णेच्या पुराचा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठच्या या भागाची दैना झाली. पूर कुणाला चुकवता येत नाही. पण दुसरा धोका आपल्या खिशात असतो: खडू, खिळा आणि चावी! कुणाचं तरी नाव, बदामातला बाण, ‘अमुक हायस्कूल, सहल’... आठशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने एवढं सुंदर काम केलं आणि स्वतःचं नावसुद्धा मागे ठेवलं नाही. मग आपण दोन मिनिटांच्या पाहुण्यांनी आपलं नाव का कोरायचं?

देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, पण प्रत्येक खांबापाशी पहारेकरी कसा ठेवणार? म्हणून ते काम तुमचं. यंदाच्या सहलीसाठी सरांना किंवा बाईंना खिद्रापूर सुचवा. वही-पेन्सिल घ्या, आवडलेल्या मूर्तीचं चित्र वहीत काढा. गावातलं आदिनाथांचं जुनं जैन मंदिरही पाहा. आणि वेळ उरला, तर आईबाबांना म्हणा, “आता यडूरला जाऊ या, नंदीला सांगायला हवं, देव ठीक आहे!”