आड, पोहरा आणि मुलांची साक्ष

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? मुलांनी विश्वासाची साक्ष द्यावी असा विषय निघाला की ही म्हण माझ्या डोक्यातून हलत नाही. मंडळ्यांमधून त्यासाठी मनापासून तयारी चालते. संडे स्कूलमध्ये वचने पाठ होतात, गीते बसवली जातात, वर्गातल्या सोबत्याला येशूची गोष्ट कशी सांगावी हे शिकवले जाते. पण हा सगळा पोहरा घासण्याचा उद्योग झाला. घरात भावाभावांचा बांधावरून अबोला असेल, तर त्या घरच्या मुलाने सांगितलेली क्षमेची गोष्ट ऐकणाऱ्याने कशाच्या बळावर खरी मानायची? लेकरू वचन बिनचूक म्हणेल, पण शेजाऱ्याला त्याचे घर वर्षानुवर्षे ठाऊक असते. म्हणून आधी घराने जगावे, मग मुलाने बोलावे, असे मला वाटत आले आहे. 

मात्र आमच्या नगरचाच इतिहास या म्हणीला जुमानत नाही. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये इथे ठाणे केले. त्याच मिशनच्या सिंथिया फॅरार 1839 मध्ये इथे आल्या, मुलींच्या शाळांत खपल्या आणि 1862 मध्ये इथेच वारल्या. त्यांच्याकडे सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले. फॅरारबाईंचा आड ख्रिस्ती श्रद्धेचा होता, यात शंका नाही. सावित्रीबाईंनी त्यातून शिकवण्याची विद्या नेली, धर्म नेला नाही. मग फॅरारबाईंची साक्ष वाया गेली म्हणायची का? मला तसे म्हणवत नाही. ज्या श्रद्धेपायी एक बाई समुद्र ओलांडून परक्या मुलींना अक्षरे शिकवायला आली, ती श्रद्धा त्या मुलींना दिसली असणारच. तिचे पुढे काय करायचे, हे ठरवणे मात्र देणाऱ्याच्या हाती उरले नाही.

कवी ना. वा. टिळकांची गोष्ट याच्या अगदी उलट. त्यांच्या ब्राह्मण घराच्या आडात ख्रिस्ताचा थेंब नव्हता. आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार हाती दिला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षे लहान मुलाला, दत्तूला, घेऊन वेगळ्या राहिल्या. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मकथन वाचताना जाणवते की त्यांची खरी अडचण तत्त्वज्ञानाची नव्हतीच, ती सोवळ्याओवळ्याची होती. कुणाच्या हातचे पाणी प्यावे आणि कुणाच्या हातचे नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात सुटला आणि मग पुढची वाट मोकळी झाली. मोठ्यांकडून लहानांकडे विश्वास सरळ उतरत गेला, असे या घरात घडलेच नाही. आधी घर भरा, मग मूल पाठवा, हा माझा हिशेब टिळकांच्या दारातच अडतो.

मुलांना साक्षीच्या कामात ओढूच नये, असा आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. 1876-78 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मिशनने अनाथ लेकरांना पोसले. ते करुणेचे काम होते, तरी भाकरी देणारा आणि भुकेला यांच्यात धर्माची गोष्ट समपातळीवर होऊ शकत नाही, हे मान्य करायला हवे. एका बाकावरच्या दोन मुलांत निदान ती विषमता नसते. मित्राने मित्राला सांगावे, मित्राने हसून सोडून द्यावे किंवा आपली पंढरीची गोष्ट सांगावी. संविधानाचा अनुच्छेद 25 धर्मप्रसाराचा हक्क देतो, आणि दुसऱ्याचे धर्मांतर घडवणे हा त्या हक्काचा भाग नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटले. पण नऊ वर्षांच्या पोराला ही सीमा कशी समजावी? त्याने निरागसपणे म्हटलेले वाक्य गावात कोणत्या अर्थाने फिरेल, याची धास्ती आईबापांना असते, आणि या धास्तीला कच्चा विश्वास म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

त्याहून अवघड गोष्ट कागदाची आहे. नगर जिल्ह्यातल्या पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज महार-मांग समाजातले. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. धर्म बदलल्याने गावकुसाबाहेरचे घर आत येत नाही, सवलत मात्र जाते. म्हणून काही घरांत रविवारी उपासना असते आणि दाखल्यावर दुसराच धर्म असतो. अशा घरातल्या मुलाला आपण साक्ष द्यायला सांगतो तेव्हा नेमके काय सांगतो? ही लबाडी आहे असे बाहेरून म्हणणे सोपे आहे. ज्या कायद्याने श्रद्धा आणि शिष्यवृत्ती यांतले एकच निवडायला लावले, त्याचा हिशेब लेकराकडून मागावा हे मला पटत नाही. पण नाव लपवत वाढलेले मूल ते नाव मोकळेपणाने दुसऱ्याला कसे सांगेल, हेही कळत नाही. इथे आड कोरडा नाही, त्यावर झाकण आहे. ते झाकण काढायला सांगण्याचा अधिकार पाळकांना आहे, आईबापांना आहे, की मोठे झाल्यावर त्या मुलालाच? नाताळचा फराळ शेजारी धाडणे एवढीच साक्ष बहुतेक घरे देतात. ती पुरेशी आहे असे मी पूर्वी ठामपणे म्हटले असते. फॅरारबाई घरीच फराळ करत थांबल्या असत्या तर, हा प्रश्न आता मधे येतो.