जिप्सी की रोम?



मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. एखादा शब्द कोठून आला, हे शोधण्याची मला फार आवड आहे. आज 'जिप्सी' या शब्दाची हकीकत सांगतो.

मराठीत 'जिप्सी' म्हणजे मनमौजी भटका. कवी मंगेश पाडगावकर यांच्या एका कवितासंग्रहाचे नावही 'जिप्सी' आहे. युरोपात मात्र हे एका समाजाला इतरांनी दिलेले नाव आहे. हे लोक इजिप्तमधून आले, असा तिकडे समज झाला. म्हणून इंग्रजीत 'इजिप्शियन'चे 'जिप्सी' झाले.

खरे तर त्यांचे पूर्वज सुमारे एक हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले. हे त्यांच्या रोमानी भाषेवरून कळले. सन १७८२ मध्ये रूडिगर या जर्मन अभ्यासकाने तिचे भारतीय भाषांशी असलेले नाते दाखवून दिले. रोमानीत पाण्याला 'पानी', कानाला 'कान' आणि नाकाला 'नाख' म्हणतात. ऐकून आश्चर्य वाटते ना?

चुकीच्या नावाबरोबर बदनामीही आली. इंग्रजीत या नावावरून 'फसवणे' या अर्थाचे क्रियापद तयार झाले. जर्मन लोक त्यांना 'त्सिगॉयनर' म्हणत. दुसऱ्या महायुद्धात आउश्वित्झच्या छळछावणीत याच शब्दाचे पहिले अक्षर, 'झेड', त्यांच्या हातावर कैदी क्रमांकासह गोंदले गेले. नाझींनी त्यांची लाखो माणसे मारली.

हे लोक स्वतःला 'रोम' म्हणतात. त्यांच्या भाषेत 'रोम' म्हणजे आपल्या समाजातला पुरुष. सन १९७१ मध्ये लंडनजवळ त्यांची पहिली जागतिक परिषद भरली. आम्हाला आमच्याच नावाने ओळखा, असे तेथे त्यांनी जगाला सांगितले. इंग्लंडमधील काही जण मात्र 'जिप्सी' हेच नाव अभिमानाने लावतात. तोही त्यांचाच निर्णय आहे.

आपल्या उर्दूत 'खानाबदोश' हा शब्द आहे. 'खाना' म्हणजे घर आणि 'दोश' म्हणजे खांदा. ज्याचे घर खांद्यावर, तो खानाबदोश. शब्द गोड आहे. पण आज युरोपातील बहुतेक रोम एका जागी घर करून राहतात. त्यांना तो कसा लागू पडेल?

मुलांनो, वर्गात नवा मुलगा आला की कोणी त्याला रंगावरून, कोणी चष्म्यावरून नाव ठेवतो. तसे करू नका. आधी त्याला त्याचे नाव विचारा आणि तो सांगेल त्याच नावाने हाक मारा.