आम्ही आणि आपण

व्याकरण शिकविणाऱ्यांना एक वाईट खोड जडते. माणूस काय बोलतो यापेक्षा तो कोणत्या सर्वनामाने बोलतो इकडेच त्यांचे कान लागलेले असतात. मीही त्यातलीच. आपल्या मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ अशी दोन निराळी सर्वनामे आहेत. ‘आम्ही जेवायला जातो’ असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याने मुकाट्याने मागे राहावे. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटले की चपला घालाव्यात. इंग्रजीत दोहोंना मिळून एकच शब्द. त्या लोकांना चपला केव्हा घालाव्यात हे कसे कळते, कोण जाणे!

१९९३ च्या एप्रिलमध्ये दादाचे अमेरिकेहून पत्र आले. आदल्या वर्षीच तो ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात शिकायला गेला होता. पत्राची सुरुवातच मुळी ‘आई, आम्ही हरलो’ अशी! आईने डोळ्यांना पदर लावला. पोरगा नापास झाला अशीच तिची समजूत. पुढचे वाचल्यावर उलगडा झाला. हरला होता तो विद्यापीठाचा बास्केटबॉलचा संघ. राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना, समोर नॉर्थ कॅरोलायना. मिशिगन दोनच गुणांनी मागे आणि ११ सेकंद शिल्लक. तेवढ्यात ख्रिस वेबर या त्यांच्या नामांकित खेळाडूने टाइमआउट मागितला, आणि वाट्याचे टाइमआउट तर आधीच संपलेले! त्याचा दंड बसला आणि सामना ७७–७१ असा गेला.

आईने डोळे पुसले आणि विचारले, “अगं, हा खेळला नाही, धावला नाही. मग हा हरला कसा?”

तिच्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. पण दादाचे ते ‘आम्ही’ माझ्या मनात रुतून बसले. पुढे पत्रे गेली, फोन आले. ‘आम्ही’ मात्र कायम राहिले. १९९७ च्या फुटबॉलच्या मोसमात ‘आम्ही’ एकही सामना हरलो नाही. १९९८ मध्ये बर्फावरच्या हॉकीत ‘आम्हांला’ नववे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले. आणि २०१४ मध्ये, आई गेल्यावर साताऱ्याचे घर विकायची वेळ आली, तेव्हा फोनवर दादा म्हणाला, “तुमच्या घराचं काय ठरलं?”

तुमच्या! ज्या घराच्या अंगणात त्याचे गुडघे फुटले ते घर ‘तुमचे’, आणि कुठले कोण ते विद्यापीठ ‘आमचे’. मी काही बोलले नाही. व्याकरणाच्या चुका वर्गात दाखवाव्यात. घरात दाखवल्या की भांडणे होतात.

पुढच्या वर्षी, २०१५ च्या ऑक्टोबरात, मी ॲन आर्बरला गेले. नवरात्राचे दिवस. वहिनींनी देव्हाऱ्यात घट बसवले होते आणि दाराला विद्यापीठाचा निळा-पिवळा झेंडा लावला होता. दोन्ही दैवते एकाच घरात सुखाने नांदत होती.

दादाने मला सगळी क्षेत्रे दाखवली. हॉकी चालते ती योस्टच्या नावाच्या, १९२३ मध्ये बांधलेल्या विटांच्या इमारतीत. आपल्या ध्यानचंदांच्या हॉकीशी या हॉकीचे नाते नावापुरतेच. पायांत धारेचे बूट, आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती. बास्केटबॉलच्या सभागृहाला नाव क्रिसलरचे. गंमत अशी, की योस्ट आणि क्रिसलर हे दोघेही फुटबॉलचे प्रशिक्षक! घरातला थोरला कोण, हे त्यावरून समजावे.

आणि तो थोरला पाहिला मी शनिवारी, १७ तारखेला. ते मैदान १९२७ मधले, जमिनीत खोल खणलेले. दारातून आत गेल्यावर जिने चढायचे नाहीत, विहिरीत उतरावे तसे पायऱ्या उतरायच्या. जागा १,०७,६०१. शेवटचा एक कशासाठी, म्हणून मी विचारले. दादा म्हणाला, ती जास्तीची जागा क्रिसलरच्या मानाची. पण ती नेमकी कुठली, ते कोणालाच ठाऊक नाही.

सामना शेजारच्या मिशिगन स्टेट विद्यापीठाशी. एकाच राज्यातले भाऊबंद, म्हणजे चुरस किती असेल ते मराठी माणसाला सांगायला नको. भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी ‘अरे आव्वाज कुणाचा’ ऐकलेली मी; पण लाखावर माणसे एका तोंडाने ओरडतात तेव्हा पायांखालचा दगडसुद्धा थरथरतो. त्यांचा फुटबॉल पायांपेक्षा हातांनीच जास्त खेळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू दुसऱ्यांचा. एवढे मला समजले.

दहा सेकंद उरली. आपले २३, त्यांचे २१. चौथा प्रयत्न. चेंडू फक्त लांब लाथाडायचा, की संपले. लाथाडणारा ऑस्ट्रेलियाहून आलेला. त्याच सामन्यात त्याने ऐंशी यार्डांची लाथ मारली होती. पण चेंडू खालून आला, त्याच्या हातून निसटला, आणि दुसऱ्या बाजूच्या एका पोराने तो घेऊन ३८ यार्ड धाव ठोकली. घड्याळ शून्यावर. २७–२३.

एवढी मोठी शांतता मी कधी ऐकली नव्हती. माणसे डोक्याला हात लावून उभीच राहिली.

परतताना गाडीत बराच वेळ कोणी बोलेना. अखेर माझा दहा वर्षांचा भाचा पुटपुटला, “त्या एकट्यानं घालवली मॅच.”

दादा शांतपणे म्हणाला, “त्यानं नाही रे. आपण हरलो.”

मागच्या बाकावर मी एकदम सावरून बसले. ‘आपण’! ज्या बाईला तीन तासांपूर्वी यार्ड म्हणजे काय हे विचारावे लागले होते, तीही त्यात आली. साताऱ्याचे घर तर विकले गेले होते. ते सर्वनाम काही परत मिळणार नव्हते. पण त्या जास्तीच्या जागेवर मला कोणीतरी हलकेच बसवले असे वाटले.

त्या खेळाडूला लोकांनी त्या रात्री इंटरनेटवर नाही नाही ते सुनावले. विद्यापीठाच्या क्रीडासंचालकांना त्याबद्दल जाहीर पत्र लिहावे लागले. यात नवल नाही. १९७६ मध्ये रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह फुटबॉलवेड्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले ते असे, की संघ जिंकला की मुलांच्या तोंडी ‘आम्ही’ येते, आणि हरला की ‘ते’. अभ्यासलेल्या विद्यापीठांत मिशिगनही होते! म्हणजे सर्वनामांवर कान ठेवणारी मी एकटीच नाही.

आईच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या गाडीत सापडले. न खेळताही माणूस हरू शकतो. पण ते ‘ते’ म्हणण्याची सोय असताना जो ‘आपण’ म्हणतो, त्यालाच. जिंकल्यावर ‘आम्ही’ म्हणायला काही पडत नाही.

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाची एकांकिका पहिल्याच फेरीत बाद झाली. प्राध्यापकांच्या खोलीत चहा पिता पिता एकजण म्हणाले, “पोरं कमी पडली.”

दारात कप घ्यायला आलेला आमचा एक नटही ते ऐकत उभा होता. मी म्हटले, “आपण हरलो, सर.”

पोराने वर पाहिले. मग कप न उचलताच तो माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसला.