साफ आवाजाचा ॲम्प आणि बाबांचे चार व्हॉल्व्ह

गेले तीन महिने माझे सगळे वीकेंड एकाच गोष्टीत गेले. गिटारचा ॲम्प. त्यातही ट्यूबवाला, त्यातही क्लीन आवाजाचा, आणि त्यातही ६० हजारांच्या आत. बायकोच्या मते एवढ्या वेळात आमचं किचन नवीन झालं असतं. तिचं बरोबर आहे. असो.

ट्यूब ॲम्प घ्यायचा आणि डिस्टॉर्शन नको म्हणायचं, हे आमच्या मेटलवाल्या मित्रांना पटतच नाही. "मिसळ घेऊन तर्री नको म्हणतोयस," असं एकाने सुनावलं :) पण मला कॉर्डमधला प्रत्येक स्वर सुटा ऐकू यायला हवा असतो. पिक तारेवर लागल्याचा टणत्कार, आणि मागे थोडासा स्प्रिंग रिव्हर्ब. १९६३ साली आलेल्या फेंडरच्या डिलक्स रिव्हर्ब आणि ट्विन रिव्हर्बचा जो आवाज, तो. नुसता क्लीनच हवा असेल तर रोलँडचा जेसी-१२० आहे, १९७५ पासून आहे आणि त्यात एकही ट्यूब नाही. हे मलाही माहीत आहे. पण ट्यूबवर जोरात वाजवलं की आवाज किंचित दबतो आणि गोल होतो. त्या किंचितसाठीच सगळा खटाटोप.

तर झालं असं, की पहिली चूक मी दोन वर्षांपूर्वीच करून बसलो होतो. फ्लॅटमध्ये वाजवायचं, वर काकू राहतात, मग मोठा ॲम्प कशाला? म्हणून ५ वॉटचा एक छोटा ॲम्प घेतला. बेडरूममध्ये छान वाजायचा. मग आमच्या ऑफिसातल्या चौघांची शनिवारची बैठक सुरू झाली. कोथरूडला तासाच्या भाड्याने खोली मिळते, तिथे. ड्रम्सवर टेस्टिंग टीममधला एक पोरगा. कंपनीत अतिशय मवाळ, ड्रम्सवर बसला की अंगात येतं. त्याच्यापुढे ऐकू यावं म्हणून मी व्हॉल्यूम पूर्ण फिरवला, आणि माझ्या सुंदर क्लीन कॉर्डचा अक्षरशः पापड मोडला.

घरी येऊन वही काढली. (इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार!) समजा स्पीकरला १ वॉट दिला तर १ मीटरवर ९७ डेसिबल मिळतात. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. म्हणजे ५ वॉटला १०४, १५ वॉटला १०९, ४० वॉटला ११३. पण हे झालं अगदी टोक. पिक तारेवर आपटतो त्या क्षणाचा सिग्नल सरासरीच्या कितीतरी वर जातो. तेवढी उडी मारायला ॲम्पमध्ये जागा नसेल तर लाटेचा माथा छाटला जातो. हेच डिस्टॉर्शन. त्या उडीसाठी १० डेसिबल राखून ठेवले तर ५ वॉटवाल्याकडे उरतात ९४. आणि ड्रम्सशेजारी आवाज १००च्या वर सहज जातो. फिनिश्ड!

थोडक्यात, क्लीन हवा असेल तर ॲम्प गरजेपेक्षा मोठा घ्यायचा आणि लहान आवाजात वाजवायचा. इतकं सोपं गणित दोन वर्षं उशिरा सुचलं.

मग शोध सुरू झाला. एकीकडे १५ वॉटवाले, फेंडरचा ब्लूज ज्युनिअर आणि व्हॉक्सचा एसी-१५. दोन्हींत पॉवरला ईएल८४ ट्यूबची जोडी. दुसरीकडे ६एल६च्या जोडीवर चालणारा ४० वॉटचा हॉट रॉड डिलक्स, १९९६ पासूनचा. नवे घ्यायचे तर बजेट कोलमडतं, म्हणून सेकंडहँड. न्यू जर्सीचा चुलतभाऊ म्हणाला की इथून आणतो. पण तिकडचा ॲम्प १२० व्होल्टवर चालणार, म्हणजे इथे वजनदार स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर कायमचा सोबत. आणि विमानात २० किलोचं धूड कोण नेणार? तो नाद सोडला.

याच दरम्यान सांगलीला फोनवर बाबांशी बोलताना म्हटलं, व्हॉल्व्हचा ॲम्प शोधतोय. बाबा त्यांच्या तरुणपणी हौसेने गल्लीतले रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्या भाषेत ट्यूब नाही, व्हॉल्व्हच. "कुठला व्हॉल्व्ह?" म्हणाले. मी म्हटलं, ईएल८४. पलीकडे एकदम शांतता.

पुढच्या रविवारी ते एसटीने पुण्यात हजर. पिशवीत बिस्किटाचा पत्र्याचा डबा, डब्यात कापूस आणि कापसात चार ईएल८४. बंगलोरच्या बीईएलचे. "आपल्या रेडिओत हाच होता. चाळीस-पन्नास वर्षं जपून ठेवलेत. लाव तुझ्या यंत्रात."

खरंच आहे ते. ईएल८४ मुळात फिलिप्सने घरगुती रेडिओसाठी काढलेली ट्यूब, गिटारवाल्यांनी ती नंतर उचलली. माझा ५ वॉटचा ॲम्प बाबांनी मागून पाहिला, आतली एकुलती एक ईएल८४ दिसली आणि हसले. "अरे, हा तर रेडिओच आहे!"

आता माझी पंचाईत. मनाने मी लगेच १५ वॉटकडे झुकलो. सबबही तयार होती. स्पीकर बदलायचा. ९७च्या जागी १०० डेसिबलचा बसवला की १५ वॉटचे जणू ३० होतात. हे खोटं नाही, उलट क्लीनसाठी तो फार चांगला उपाय आहे. पण ब्लूज ज्युनिअरवाला ५५ हजार मागत होता आणि स्पीकरचे वेगळे १२. आणि हॉट रॉडवाला ५२ला तयार होता. का, तर जड ॲम्प कोणाला नको असतो. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्याला तो घरातून गेलेला हवा होता. स्वस्तात क्लीन हवा असेल तर लोकांना उचलायचा कंटाळा येतो तोच ॲम्प बघावा, हे माझं या तीन महिन्यांचं संशोधन.

बाबांना कसं सांगायचं? दोन दिवस टाळलं. शेवटी वहीच त्यांच्यापुढे ठेवली. चष्मा लावून त्यांनी सगळे आकडे तपासले. मग विचारलं, "साफ आवाज पाहिजे ना तुला? मग चार डेसिबल सोडून चार व्हॉल्व्ह कशाला धरून बसतोस?" थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "यातले दोन तर मी कमजोर झाले म्हणूनच काढले होते. आणि तुला जुळलेली जोडी लागणार."

ॲम्प बघायला ते बरोबर आले. मी आपली गिटार लावून एकेक नॉब फिरवत खरखर होते का ते ऐकलं, पेन्सिलीने ट्यूबवर टिचक्या मारल्या, स्पीकरमधून टणटण येते का बघायला. बाबांनी फक्त गिटारची वायर काढून व्हॉल्यूम वाढवायला सांगितला आणि डोळे मिटून हम ऐकला. मग मान हलवली. घरी आल्यावर मी मागची पाटी काढायला लागलो तर हातावर चापट बसली. आत चारशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात. मोजल्याशिवाय हात घालायचा नाही.

नंतर मी एकच बदल केला. पहिली १२एएक्स७ काढून तिथे ५७५१ बसवली. गेन फॅक्टर १०० वरून ७० वर आला आणि घरात व्हॉल्यूमचा नॉब शांतपणे फिरवता येऊ लागला. शनिवारी ड्रम्सपुढे कॉर्ड फुटली नाही. चौथ्या गाण्यानंतर मवाळ पोराने विचारलं, "सर, आज काहीतरी वेगळं ऐकू येतंय?"

निघायच्या आदल्या रात्री बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. नॉब दोनवर. "एवढं मोठं धूड घेतलंस आणि दोनवर वाजवतोस?"

"काकू आहेत वर," मी म्हटलं.

डबा त्यांनी परत नेला नाही. ॲम्पच्या मागे ठेवलाय, कापसासकट. ५ वॉटचा रेडिओ विकायला काढला होता, तो आता विकायचा नाही असं ठरवलंय. त्याला एकच ईएल८४ लागते, जोडी नाही. पुढच्या वेळी बाबा आले की त्या चारांतली कुठली अजून धडधाकट आहे ते बघू.